वंगण आणि विवेक

मोटारीचे तेल बदलण्याचा दिवस आला की चांगल्या शिकलेल्या गृहस्थासही क्षणभर आपण अडाणी आहोत असे वाटू लागते. गॅरेजमधील मिस्त्री जुने काळे तेल खाली सोडतो, नवे सोनेरी तेल ओततो आणि मग फळीवरची एक लहानशी बाटली पुढे करून म्हणतो, “साहेब, एवढे ओतून घ्या. घर्षण निम्म्यावर येईल, अ‍ॅव्हरेज वाढेल, इंजिन लोण्यासारखे चालेल.” इंजिनाचे आयुष्य वाढत असेल तर एवढ्याशा खर्चास नाही कोण म्हणणार? बाटली घेतली जाते. अर्धी मोटारीत रिकामी होते. उरलेली फुकट कशाला घालवावयाची म्हणून घरातील मुलाच्या मोटारसायकलीत जाते. पुढच्या रविवारी तो मुलगा मित्रास मागे बसवून ताम्हिणीचा घाट चढू लागतो आणि ऐन वळणावर चमत्कार होतो. मूठ पिळावी तसे इंजिन अधिकाधिक गर्जते, पण गाडीचा वेग वाढत नाही. मागून मात्र भरलेली मालमोटार येत असते. ज्या द्रव्याने यंत्रास सुख द्यावयाचे, त्यानेच त्याचे बळ हिरावून घ्यावे, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर वंगणाच्या स्वभावात आहे. वंगण ही गोष्ट महाराष्ट्रातील घरांस नवी नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्यावाचून शहाणा शेतकरी लांबच्या प्रवासास निघत नसे, आणि शिवणाच्या यंत्रात तेलाचे दोन थेंब सोडण्याचे काम घरातील मुलांकडे असे. औषध म्हणून नाक मुरडून प्यावयाचे एरंडेल तर वंगण म्हणून मोठ्या योग्यतेचे तेल ठरले. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची फिरती इंजिने एरंडेलावरच चालत, आणि ‘कॅस्ट्रॉल’ हे १९०९ सालापासूनचे विख्यात नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच पडले. तात्पर्य, दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासू लागले म्हणजे त्यांच्यामध्ये काहीतरी स्निग्ध असावे, एवढे ज्ञान मनुष्यास फार पूर्वीपासून होते. ते स्निग्ध द्रव्य तेथे नेमके करते काय, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणास नीट सांगता येत नव्हते.

ते कोडे उलगडण्यास एक क्षुल्लक वाटणारी अडचण कारण झाली. इंग्लंडातील बोशँप टॉवर हे अभियंते १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्यांनी भोकास बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर ढकलली गेली. तेव्हा त्यांनी तेथे दाबमापक बसविला. बेअरिंगवरील सरासरी भार दर चौरस इंचास १०० पौंड असताना दाबमापकाचा काटा २०० पौंडांपलीकडे गेला! आसाच्या भोवती ओढले जाणारे तेल स्वतःच एवढा दाब निर्माण करीत होते की, त्यावर सबंध भार तरंगत होता. धातू धातूस शिवतच नव्हता.

१८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी या घटनेचे गणित मांडले. फिरणारा आस तेलास आपल्याबरोबर ओढीत एका निमुळत्या फटीत नेतो. फट अरुंद होत जाते, तेलास वाट पुरत नाही, म्हणून दाब वाढतो आणि तेलाची पाचर धातूंना दूर सारते. पावसाळ्यात भरधाव मोटारीचे टायर रस्त्यावरील पाण्याच्या पातळ थरावर उचलले जातात आणि चालकाच्या हातातील सुकाणू एकाएकी हलके पडते, हा त्याच नियमाचा भयंकर अवतार होय. रस्त्यावर जो अपघात, तोच बेअरिंगमध्ये आशीर्वाद! इंजिनातील मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, चालू असताना अशाच तेलाच्या पडद्यावर तरंगत असतो. तो पडदा इतका पातळ असतो की, माणसाच्या केसाची जाडी त्याच्या कितीतरी पट भरावी.

परंतु हा पडदा सर्वत्र आणि सर्व काळ टिकत नाही. जर्मनीतील रिचर्ड श्ट्रिबेक यांनी १९०२ साली आपल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, घर्षणाचे मान वेग, भार आणि तेलाचा दाटपणा या तिन्हींवर अवलंबून असते. वेग पुरेसा असला आणि तेल पुरेसे दाट असले तर पडदा अभंग राहतो. वेग मंदावला किंवा भार वाढला की तो विरतो, आणि दोन्ही धातूंची सूक्ष्म शिखरे एकमेकांस खरचटू लागतात. येथे एक गंमत आहे. पडदा अभंग असताना तेल जितके दाट, तितके ते ढवळण्यात बळ अधिक खर्च होते. म्हणजे तेथे पातळ तेल फायद्याचे. उलट, पडदा विरू लागला की पातळपणा घातक ठरतो. वंगणशास्त्राची सारी कसरत या दोन टोकांच्या मध्ये चालते. पहाटेच्या थंड इंजिनाचे पहिले काही फेरे, पिस्टनाच्या कड्या जेथे वर जाऊन क्षणभर थबकतात ती जागा, आणि झडपा उघडणाऱ्या कॅमची टोके, ही पडदा विरण्याची मुख्य ठिकाणे.

अशा ठिकाणी उपाय काय, हे मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेल्या सर विल्यम हार्डी यांनी शोधले. १९२२ साली त्यांनी व आयडा डबलडे यांनी दाखविले की, तेलातील काही लांबट अणुगुच्छ एका टोकाने धातूस घट्ट चिकटतात आणि त्यांची शेपटे गालिच्याच्या लवेसारखी उभी राहतात. मधला जाड पडदा नाहीसा झाला तरी ही लव धातूस धातूवर सहज सरकू देते. जनावरांच्या चरबीत व वनस्पतींच्या तेलांत असे अणुगुच्छ निसर्गतःच असतात. म्हणूनच कित्येक बाबतींत आजोबांचे एरंडेल निव्वळ खनिज तेलापेक्षा सरस ठरे. आजच्या तेलांत घर्षण कमी करण्यासाठी जी द्रव्ये मिसळतात, त्यांतील पुष्कळशी याच कुळातील आहेत. दुसरे कूळ मॉलिब्डेनमच्या संयुगांचे. उष्णतेने व दाबाने त्यांच्यापासून धातूवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे पत्त्यांच्या कॅटासारखे पदर तयार होतात, आणि ते एकमेकांवरून सहज घसरतात.

याखेरीज एक तिसरे द्रव्य आहे. त्याचे काम घर्षण कमी करणे हे नसून झीज थांबविणे हे आहे. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण बाटलीवरच्या जाहिरातीत तो बहुधा पुसून टाकलेला असतो. जस्त, फॉस्फरस व गंधक यांचे हे संयुग ‘झेडडीडीपी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. १९४० नंतरच्या दशकात बेअरिंगे गंजू नयेत आणि तेल आंबू नये म्हणून ते तेलात घालू लागले; पुढे असे आढळले की, ते धातूवर काचेसारखा एक कठीण थर बसविते आणि झीज रोखते. तो थर स्वतः झिजतो आणि पुन्हा बनतो. स्वामीसाठी सेवकाने वार झेलावा तसाच हा प्रकार.

तेव्हा डब्यातील चांगले तेल हे नुसते तेल नव्हे. मूळ तेलात काजळी धुऊन काढणारी, ती तरंगत ठेवणारी, आम्ल मारणारी, फेस जिरविणारी, गरम झाल्यावर तेलास फार पातळ होऊ न देणारी आणि वर सांगितलेली झीज व घर्षण रोखणारी अशी अनेक द्रव्ये तोलून मापून घातलेली असतात. त्यांतील बरीचशी धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळविण्यासाठी झगडत असतात. एकाचे प्रमाण वाढविले की दुसऱ्यास जागा उरत नाही. बेताचे मीठ पडलेल्या आमटीत कोणी मायेने आणखी मूठभर मीठ टाकावे, म्हणजे ती अधिक रुचकर होत नाही. तशीच गत वरून ओतलेल्या बाटलीची होते. मीठ खारट आहे हे लगेच कळते, तेल बिघडले हे मात्र पुष्कळ दिवस कळत नाही, एवढाच काय तो फरक.

आता बचतीचा हिशेब पाहू जाता तोही उद्बोधक आहे. केनेथ होल्मबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली मोटारींच्या इंधनाची वासलात कशी लागते याचे गणित प्रसिद्ध केले. १०० रुपयांचे पेट्रोल जाळले तर त्यांच्या हिशेबाने ३३ रुपये धुराबरोबर बाहेर जातात, २९ रुपये इंजिन थंड राखण्यात जातात आणि ३८ रुपयांचेच काय ते यांत्रिक काम होते. त्या ३८ पैकी ५ रुपये हवेचा विरोध खातो व ३३ रुपये निरनिराळे घर्षण खाते: टायर व रस्ता यांच्यात सुमारे साडेअकरा, इंजिनात सुमारे साडेअकरा, गियर वगैरे भागांत ५ आणि ब्रेकमध्ये ५. इंजिनातील घर्षण एकदशांशाने कमी करणे ही तेलाची मोठीच कामगिरी होय. ती साधली तरी वाचतात सव्वा रुपयाहून कमी, म्हणजे यांत्रिक कामाच्या, आणि त्याच प्रमाणात पेट्रोलच्या, सुमारे ३ टक्के. मग एखादी बाटली २० टक्के बचतीचे वचन देते तेव्हा इंजिनातील दोनतृतीयांश घर्षण नाहीसे करण्याचा पण ती करीत असते. ज्या पडद्यावर क्रँकशाफ्ट आधीच तरंगत आहे, तेथे नाहीसे करावयास इतके घर्षण तिने आणावे कोठून?

अशा वचनांची परीक्षा एकदा न्यायाच्या चावडीवरही झाली आहे. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ साली रॉय प्लंकेट यांना ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत अकस्मात सापडला. त्याच्या अंगास काही चिकटत नाही हे पाहून त्याची पूड घातलेली ‘स्लिक ५०’ नावाची बाटली अमेरिकेत फार खपली. १९९६ साली तेथील संघराज्य व्यापार आयोगाने या मालाच्या विक्रेत्यांवर आरोप ठेवला की, इंजिनाची झीज इतकी घटते, सुरू होताना इंजिन जवळजवळ निराधार असते, वगैरे विधानांस पुरेसा पुरावा नाही. १९९७ साली तडजोड झाली. असे दावे पुराव्यावाचून न करण्याचे बंधन विक्रेत्यांनी पत्करले आणि ग्राहकांस भरपाई देण्याचे मान्य केले. तव्यावर जे द्रव्य भट्टीच्या उष्णतेत पक्के बसवावे लागते, ते तेलात नुसते तरंगत असताना धातूवर आपोआप कसे बसणार, हा साधा प्रश्न पुष्कळांच्या ध्यानात आला नव्हता.

व्यर्थ खर्चापलीकडे हानीचाही संभव आहे. घन कण तेलाच्या गाळणीत किंवा अरुंद वाटांत साचू शकतात. झेडडीडीपीची मात्रा वाढविली तर त्यातील फॉस्फरस धुराबरोबर जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याचे काम मंदावते. म्हणूनच २००४ पासूनच्या मोटारींच्या पातळ तेलांत फॉस्फरस ०.०६ टक्क्यांहून कमी नसावा आणि ०.०८ टक्क्यांहून अधिक नसावा, अशी दुहेरी मर्यादा घातली गेली: खालची झिजेसाठी, वरची धुरासाठी. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाल्यावर तर ही सावधगिरी प्रत्येक नव्या वाहनास लागू पडते.

येथवरचे विवेचन मोटारीचे झाले. मोटारीत बाटली बहुधा निरुपयोगी ठरते. मोटारसायकलीत ती घातक ठरू शकते. याचे कारण रचनेत आहे. मोटारीचा क्लच तेलापासून दूर, कोरडा असतो. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गियर आणि क्लच ही तिन्ही एकाच तेलात नांदतात. त्या ओल्या क्लचमध्ये घर्षणाचे अस्तर लावलेल्या आणि साध्या पोलादी अशा तबकड्या एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात आणि त्यांच्या पकडीतूनच इंजिनाचे बळ चाकाकडे जाते. म्हणजे पिस्टनापाशी जे घर्षण शत्रू आहे, तेच चार बोटांवर असलेल्या क्लचमध्ये एकमेव आधार आहे. एकाच तेलाने एका ठिकाणी घसरवावयाचे आणि दुसऱ्या ठिकाणी पकडू द्यावयाचे, असे हे अवघड व्रत आहे. घर्षण घटविणारे द्रव्य आपल्या लवेचा गालिचा पिस्टन कोणता आणि तबकडी कोणती हे पाहून अंथरीत नाही. ते दोहोंवर अंथरते. चढणीवर भार वाढला की तबकड्या घसरतात, तापतात, जळका वास येतो आणि अखेर त्यांचे अस्तर करपते. चार पैशांचे पेट्रोल वाचवावयास जावे आणि तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे राहिले, अशी गत होते.

हे संकट केवळ बाटलीतून येते असे नव्हे. इंधन वाचविण्यासाठी मोटारींच्या तेलांतच घर्षणनाशक द्रव्ये वाढू लागली, तेव्हा तीच तेले मोटारसायकलींत वापरणाऱ्यांस क्लच घसरण्याचा अनुभव येऊ लागला. त्यावर जपानमधील मोटार उद्योगाच्या प्रमाणसंस्थेने, जिला संक्षेपाने ‘जासो’ म्हणतात, १९९८ साली चारचाकीसारखी चार झटक्यांची इंजिने असलेल्या मोटारसायकलींच्या तेलांसाठी स्वतंत्र प्रमाण ठरविले. यात तेलाच्या घटकांची यादी पाहत नाहीत. प्रत्यक्ष क्लचच्या तबकड्या त्या तेलात बुडवून त्या सरकत असताना व स्थिर असताना किती पकड धरतात आणि किती वेळात थांबतात, हे मोजतात. पकड राखणाऱ्या तेलास ‘एमए’ हे चिन्ह मिळते, कमी घर्षणाच्या तेलास ‘एमबी’. २००६ साली ‘एमए’चेही दोन भाग झाले, त्यांपैकी ‘एमए२’ची पकड अधिक. ही पद्धत न्याय्य आहे, कारण मॉलिब्डेनमचे नाव ऐकताच घाबरून जाण्याचेही कारण नाही. त्याचे काही प्रकार अल्प मात्रेत असलेली तेलेही ही कसोटी उतरू शकतात. नाव पाहून नव्हे, तर कसोटी पाहून निर्णय करावा.

घरातील तिसरे वाहन म्हणजे बिनगियरची स्कूटर. तिच्यात पट्ट्याने वेग बदलतो आणि क्लच कोरड्या कोठडीत असतो. इंजिनाचे तेल त्यास शिवत नाही. त्यामुळे अशा पुष्कळ स्कूटरींस ‘एमबी’ तेल चालते, नव्हे तेच सांगितलेले असते. एका घराच्या एकाच अंगणात उभ्या असलेल्या तीन वाहनांची भूक अशी तीन प्रकारची असते. मोटारीच्या डब्यावर एपीआयच्या गोल चिन्हात ‘रिसोर्स कॉन्झर्विंग’ असे शब्द असले तर ते मोटारीस भूषण आहे. तेच तेल मोटारसायकलीत ओतण्यापूर्वी मात्र हात थांबला पाहिजे.

मग गृहस्थाने करावे काय? वाहनाबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी आणि तीत सांगितलेला दाटपणाचा अंक व दर्जाचे चिन्ह कागदावर टिपून दुकानात जावे. ‘१०डब्ल्यू-३०’ यातील पहिला आकडा व पुढचे अक्षर थंडीतील वर्तन सांगतात, दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. पातळ तेल आधुनिक आहे म्हणून जुन्या, सैल फटींच्या इंजिनात ते ओतू नये, आणि दाट तेल भारदस्त आहे म्हणून नव्या इंजिनात भरू नये. तेलाची पातळी नियमाने पाहावी. कमी तेल घातक हे सर्व जाणतात. अधिक तेलही फिरत्या दांड्याने घुसळले जाऊन फेसाळते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रोज बाजारापुरती दोन मैल धावणारी गाडी पुरती तापत नाही, तिच्या तेलात पेट्रोल व पाणी साचते. अशा गाडीचे तेल मैल न पाहता महिने पाहून बदलावे. बाटलीसाठी काढलेले पैसे वेळेवर तेल व गाळणी बदलण्यात आणि टायरांत योग्य हवा राखण्यात घातले, तर वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे त्यांचे फळ अधिक खात्रीचे आहे. कारण टायरांकडील गळती इंजिनातील गळतीएवढीच मोठी आहे.

आणि मोटारसायकलीत बाटली आधीच गेली असेल तर? क्लच घसरू लागताच घाटाचा बेत रद्द करावा. प्रथम क्लचच्या तारेस आवश्यक तेवढी ढील आहे की नाही ते पाहावे, कारण ताणलेली तारही हाच दोष उत्पन्न करते. तार ठीक असेल तर सारे तेल काढून टाकून सांगितलेल्या दर्जाचे ताजे तेल भरावे. तबकड्या करपलेल्या नसल्या तर पकड पुष्कळदा परत येते. करपल्या असल्या तर त्या बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मिस्त्रीस मात्र आपण काय ओतले ते प्रांजळपणे सांगावे. वैद्यापासून पथ्यभंग लपवून जसा रोग बरा होत नाही, तसेच येथेही आहे.

घर्षण हा मनुष्याचा जन्मवैरी आहे अशी समजूत जाहिरातींनी करून दिली आहे. वस्तुतः घर्षण नसते तर ब्रेक लागला नसता, टायरने रस्ता धरला नसता आणि मुलाच्या मोटारसायकलीने घाट चढला नसता. ते कोठे मारावे आणि कोठे जपावे, हे ज्यांनी यंत्र घडविले त्यांनी पुस्तिकेच्या दोन ओळींत लिहून ठेवले आहे. फळीवरची बाटली उचलण्यापूर्वी त्या दोन ओळी वाचण्याचे कष्ट ज्या घरात घेतले जातात, तेथील वाहने बहुधा निमूटपणे दीर्घकाळ सेवा करतात.